परका मासा पुढे कुठे पोहोचेल? पंचगंगेच्या खोऱ्यासाठी अंदाज बांधण्याची रीत

उजनीच्या जलाशयात सकर मासा आहे. अंगावर हाडासारखं चिलखत, तोंड खालच्या बाजूला, आणि जाळ्यात गुरफटला की जाळं कापूनच काढावा लागतो. हा मासा पंचगंगेत येईल का? पाण्याच्या वाटेनं बघितलं तर अवघड आहे. उजनी भीमेवर, आणि भीमा कृष्णेला मिळते ती थेट रायचूरच्या बाजूला. तिथून उलटं वर यायचं तर नारायणपूर आणि अलमट्टी ही दोन धरणं चढावी लागतील, त्यानंतर नरसोबाच्या वाडीला संगमावरून पंचगंगेत वळायचं. एकाही सकर माशाला हे जमणार नाही. पण इंदापूरहून निघालेला टेम्पो चार-पाच तासांत कोल्हापुरात येतो. शिवाय हाच मासा बोटभर असताना ‘काच साफ ठेवतो’ म्हणून ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो, आणि फूटभर झाला की घरात नकोसा होतो.

परक्या माशांच्या प्रसाराचा अंदाज बांधायला बसणारे बहुतेक जण तापमान आणि पावसाचे नकाशे आधी काढतात. कोल्हापुरापुरतं माझं मत उलटं आहे. इथलं हवामान या माशांना अडवतच नाही. अडवतात किंवा वाट देतात ते बंधारे, पूर आणि माणसं. म्हणून पुढची सगळी रीत वाटांचा नकाशा करण्याची आहे. लॅपटॉप, नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि तक्त्यांसाठी लिबरऑफिस एवढ्यावर काम होतं, आणि ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. महाविद्यालयातला गट, मच्छीमार संस्था किंवा गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती हे काम करू शकते.

प्रश्न आधी नीट मांडा

‘कोल्हापुरात परके मासे किती पसरतील’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘येत्या पाच वर्षांत हळदी बंधाऱ्याच्या वरच्या भोगावतीत मांगूर पोहोचण्याची शक्यता किती’ याला असतं. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: कोणता मासा, पाण्याचा कोणता पट्टा, किती वर्षं, आणि ‘पोहोचणं’ म्हणायचंय की ‘बस्तान बसवणं’. शेवटचा फरक फार जण विसरतात. पुरानंतर एखादा मासा सापडणं वेगळं आणि पुढच्या वर्षी त्याची पिल्लं सापडणं वेगळं.

जपायचं काय हेही इथेच ठरवा. राधानगरी अभयारण्यातले वरचे ओढे, महाशीर अजून टिकून असलेले डोह, आणि हिरण्यकेशीचा उगम. आंबोलीतल्या त्या उगमापाशी सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या छोट्या माशाचं शास्त्रीय वर्णन २०२०मध्ये झालं आणि २०२१मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. जागा सिंधुदुर्गात असली तरी नदी उतरून आपल्या आजऱ्यात येते. एवढ्याशा झऱ्यात राहणाऱ्या माशाला चिलापीपेक्षा बादलीभर गप्पी माशांचा धोका मोठा. म्हणजे जागा बदलली की संशयित बदलतो.

संशयितांची यादी

चिलापी सगळ्यात वर. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली, नाईल चिलापी नंतर आली. दोन्हींत फरक करायचा तर शेपटीचा पर पसरून बघा: नाईल चिलापीच्या शेपटीवर उभे, एकसारखे पट्टे असतात, मोझांबिकच्या शेपटीवर ते नसतात. संकर भरपूर असल्यानं मधलेही नमुने मिळतील, त्यांची नोंद ‘चिलापी, जात अनिश्चित’ अशीच करा. अंदाजाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. म्हणजे तोंड भरलेली एक मादी नव्या तळ्यात पडली की नर असो-नसो, पहिली पिढी सुरू झाली. गप्पीचंही तसंच. ती पिल्लंच घालते आणि नराचं बीज शरीरात साठवून ठेवते. अशा माशांच्या बाबतीत ‘दोनचारच तर सोडले’ याला काही अर्थ नाही.

मांगूर, म्हणजे आफ्रिकन मांगूर, क्लॅरियस गॅरिपिनस. त्याच्या पाळणुकीवर देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी तो शेततळ्यांत सापडतो. कारण तो हवेतून श्वास घेतो, वाट्टेल तसल्या पाण्यात जगतो, कोंबडीच्या दुकानातलं टाकाऊ खातो आणि भराभर वाढतो. ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. आपल्या वागूर या देशी माशाशी त्याची गल्लत होते. मोठा आकार, लांब चपटं डोकं आणि अंगावर संगमरवरासारखे डाग दिसले तर संशय घ्या. पण नुसत्या संशयावर नाव लिहू नका. डोक्याचा वरून एक, बाजूनं एक असे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, आणि कल्ला उघडून आतल्या काट्यांचाही फोटो घ्या. आफ्रिकन मांगूरात हे काटे बारीक आणि दाट असतात. विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या माणसाला एवढं पुरतं.

सायप्रिनस (कॉमन कार्प) भारतात १९३९पासून आहे आणि आपल्याकडच्या तलावांत केव्हाच रुळलेला आहे. तो कुठे पोहोचेल याचा अंदाज बांधण्यात वेळ घालवू नका, जिथे आहे तिथे तळ उकरून पाणी किती गढूळ करतो ते मोजा. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) यांना पैदाशीसाठी मोठं वाहतं पाणी लागतं, त्यामुळे त्यांची संख्या बहुतेक मत्स्यबीज किती सोडलं यावर ठरते. पण यावर डोळे झाकून विसंबू नका. १९७१ साली हिमाचलात एका मत्स्यफार्ममध्ये पुराचं पाणी घुसलं, चंदेरा गोविंदसागर जलाशयात गेला आणि तिथे त्यानं पैदास करून दाखवली. रूपचंद (पाकू) आणि सकर यांना यादीत ठेवा. डासांसाठी १९२८ साली इटलीतून आणलेला गंबुशिया आणि आता सर्रास सोडले जाणारे गप्पी यांना तर ठेवाच.

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या बाजूचे, कृष्णेचे नव्हेत. त्यांना परके म्हणायचं का यावर बैठकीत तासभर जातो. मी त्यांना यादीत घेत नाही, पण त्यांच्या बोटुकलीच्या (बोटभर पिल्लांच्या) पिशवीतून आणखी काय आलं हे जरूर बघतो.

यादीला क्रम लावायला एएस-आयएसके हे प्रश्नावलीचं साधन आहे. त्यात ४९ प्रश्न माशाचा आजवरचा प्रसार आणि जीवशास्त्र याबद्दल आणि ६ हवामानबदलाबद्दल आहेत. दोघांनी स्वतंत्रपणे भरा आणि मग गुण ताडून बघा. जिथे दोघांचं पटत नाही, तिथे नेमकी माहिती कमी आहे असं समजा.

नोंदी गोळा करताना

जीबीआयएफ आणि आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळांवरून जुन्या नोंदी उतरवून घ्या, पण खरा माल भोई मंडळींकडे आहे. विचारताना ‘कोणत्या साली’ असं विचारू नका. साल लक्षात राहत नाही, पूर राहतो. “मामा, ह्यो मासा पयल्यांदा कधी घावला? एकोणीसच्या म्हापुराच्या आधी का नंतर?” असं विचारलं की उत्तर लगेच येतं. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन खुणांवर बऱ्यापैकी कालक्रम उभा राहतो.

मासळी बाजारातल्या पाटीवरून नोंद करू नका. तिथली चिलापी उजनीची असेल, मांगूर कुठल्या शेततळ्यातला असेल. विक्रेत्यानं नेमकं पाणी सांगितलं, तरच नोंद धरा.

‘नाही सापडला’ हीसुद्धा नोंदच, पण तिची किंमत मोजावी लागते. समजा मासा त्या डोहात आहे आणि एका वेळच्या जाळ्यात तो सापडण्याची शक्यता ०.४ आहे. तीन वेळा जाळं टाकून हुकण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६ म्हणजे ०.२२. पाचात एखाद्या वेळी तुम्ही ‘इथे नाही’ असं खोटंच लिहून मोकळे व्हाल. सहा वेळा टाकलं तर हीच शक्यता ०.०५च्या खाली जाते. म्हणून प्रत्येक जागी किती वेळा, कोणतं जाळं, कोणत्या वेळी, हे लिहिल्याशिवाय ‘नाही’ लिहायचं नाही. तंगूस (नायलॉनच्या बारीक दोऱ्याच्या) जाळ्यात सकर अडकतो, पण गप्पी त्यातून आरामात निघून जातात. त्यांच्यासाठी काठच्या गवतात बारीक जाळीची झोळी फिरवा.

अभयारण्यात किंवा वारसा स्थळी जाळं टाकायला वनविभागाची परवानगी लागते. तिथे पाण्यातल्या डीएनएची तपासणी जास्त सोयीची, कारण बाटलीभर पाणी गाळून काम भागतं. पण वाहत्या पाण्यात डीएनए वरून खाली वाहत येतो. खूण मिळाली म्हणजे मासा तिथेच आहे असं नाही, तो वर कुठेतरीही असू शकतो.

हवामानाचा नकाशा: एक संध्याकाळ पुरे

मॅक्सएन्ट या जीव कुठे तगेल ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये माशाच्या जगभरच्या नोंदी घाला, वर्ल्डक्लिम या हवामानाच्या माहितीसंचातले १९ घटक घाला, नकाशा तयार. चिलापीसाठी काढून बघा, सगळा जिल्हा एका रंगात येतो. ते चूक नाही. डिसेंबरातसुद्धा पंचगंगेचं पाणी चिलापीला मारण्याइतकं गार होत नाही. पण सगळंच लाल असेल तर कुठे लक्ष ठेवायचं हे त्यातून कळत नाही. वर हे तापमान हवेचं, पाण्याचं नव्हे. एकेक चौकोन साधारण किलोमीटरभराचा, त्यात नदीही येते आणि शेजारचा डोंगरही. या नकाशाचा उपयोग एकच: यादीतला एखादा मासा इथे तगणारच नसेल तर त्याला वगळायचं.

नदीचे तुकडे पाडा

इथे वेळ द्या. क्यूजीआयएसमध्ये हायड्रोरिव्हर्स या जगभरच्या नद्यांच्या माहितीसंचातला नदीजाळ्याचा थर उघडा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, प्रयाग चिखलीला एकत्र येऊन झालेली पंचगंगा, आणि खाली नरसोबाच्या वाडीपर्यंतचा प्रवाह. आता प्रत्येक बंधाऱ्यावर आणि धरणावर ही रेघ तोडा. नुसत्या पंचगंगेवरच राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत. दोन बंधाऱ्यांमधला एक तुकडा म्हणजे तक्त्यात एक ओळ.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं वागणं माशाच्या नजरेनं समजून घ्या. पावसाळ्याआधी बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढतात, पावसाळा सरला की पुन्हा घालतात. जून-जुलैत पाणी चढलं की बंधारा पाण्याखाली जातो आणि माशांना दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा. चढणीचे मासे वर जातात तेही याच दिवसांत. बर्गे बसले की प्रत्येक बंधाऱ्याच्या मागे लांबलचक संथ डोह तयार होतो, आणि जो जिथे असेल तो तिथेच अडकतो. वाहत्या पाण्यातल्या आपल्या माशांना हा बदल मानवत नाही, चिलापीला मात्र तेच हवं असतं. उन्हाळ्यात काठावर गुडघाभर पाण्यात बशीएवढे किंवा त्याहून मोठे गोल खड्डे दिसतात, तळाची माती झाडून साफ केलेली. ती नर चिलापीची घरटी. एका डोहाच्या काठी असे खड्डे मोजले तर जाळं न टाकताही बस्तान बसलंय का ते कळतं.

धरणाचं गणित वेगळं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की वरचे मासे खाली येऊ शकतात, खालचा मासा मात्र वर चढत नाही. म्हणून धरणाच्या वरच्या दिशेला पाण्याच्या वाटेची शक्यता शून्य लिहा. आणि याच कारणानं वरच्या जलाशयात कुणी सोडलेला मासा सगळ्यात महागात पडतो, कारण तो दर पावसाळ्यात खालच्या सगळ्या तुकड्यांना वाटला जातो.

तक्त्याचे रकाने असे ठेवा: तुकड्याचं नाव, वरचा तुकडा, खालचा तुकडा, अडथळा कोणता आणि किती महिने उघडा, उन्हाळ्यात साठून राहणाऱ्या पाण्याची लांबी, सांडपाणी मिसळतं का, पूररेषेत शेततळी किती, मत्स्यबीज सोडतात का, आणि आज माहीत असलेले परके मासे. सांडपाण्याचा रकाना गाळू नका. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू संपून मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हा हवेतून श्वास घेणारा मांगूर जगतो, आणि पावसाळ्यात त्याला रिकामं घर मिळतं.

माणसाच्या वाटा

जलसंपदा विभागाच्या नकाशांवर निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. उपग्रहाच्या चित्रावर शेततळी शोधा आणि या रेषांवर टाका. प्लास्टिकचा कागद घातलेलं शेततळं चौकोनी आणि निळसर दिसतं, पटकन ओळखू येतं. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पातळीला निळ्या रेषेच्या आतलं एकही तळं कोरडं राहत नाही, आणि त्यातला मासा तळ्यात राहत नाही.

मग गावात विचारत फिरा: तळ्यात काय पाळलंय, बीज कुठून आणलं, ठेक्याच्या तलावात या वर्षी कोणती बोटुकली सोडली, डासांसाठी गप्पी कोणत्या विहिरीत आणि कोणत्या ओढ्यात सोडले. चौकशी पोलिसी थाटात केली तर कुणी खरं सांगणार नाही. मांगूर पाळणाऱ्याला बंदी माहीत असते, त्यामुळे तो ‘वागूर हाय’ म्हणणारच. अशा वेळी तळ्याशेजारी कोंबडीचं टाकाऊ येतं का एवढं बघून यावं. शहरात रंकाळा आणि कळंबा हे ॲक्वेरियमचे मासे सोडले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असलेले तलाव, त्यांना स्वतंत्र ओळ द्या. काळम्मावाडीहून शहरात येणारी थेट पाईपलाईन ही माशांची वाट धरू नका, ते पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं.

गणित मांडा

उदाहरण घेऊ. आकडे गृहीत आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा मांगूर आज राजाराम बंधाऱ्यापर्यंत आहे आणि हळदीच्या वर पोहोचायला त्याला तीन तुकडे चढायचे आहेत. एका पावसाळ्यात एक तुकडा चढण्याची शक्यता ०.४ धरली, तर तिन्ही एकाच पावसाळ्यात चढण्याची ०.४ × ०.४ × ०.४ म्हणजे ०.०६४. पाच पावसाळ्यांत कधीतरी जमण्याची शक्यता १ − (०.९३६)⁵, म्हणजे साधारण ०.२८. मध्ये मुक्काम करत चढला तर याच्या दुपटीच्या आसपास, साधारण ०.५८. इथे सोपं ठेवायला ०.२८च धरू.

आता त्याच तुकड्यात पूररेषेच्या आत मांगूरची दोन तळी आहेत असं धरा. एक तळं एका वर्षात फुटण्याची किंवा भरून वाहण्याची शक्यता ०.१५. दोन तळी, पाच वर्षं, म्हणजे १ − (०.८५)¹⁰ = ०.८०. नदीच्या वाटेनं २८ टक्के, तळ्याच्या वाटेनं ८० टक्के. दोन्ही वाटा मिळून १ − (०.७२ × ०.२०), म्हणजे साधारण ०.८६. ०.१५ हा आकडा फुगवलेला वाटला तर ०.०५ करून बघा, तरी तळ्याची वाट ०.४०वर येते आणि नदीच्या ०.२८च्या पुढेच राहते, मुक्काम धरलेल्या ०.५८च्या मात्र मागे पडते. कोणता आकडा बदलल्यावर क्रम उलटतो हे शोधणं, हेच या सगळ्या आकडेमोडीतलं खरं काम. तो आकडा सापडला की पुढची चौकशी त्याच्याबद्दलच करायची.

बस्तान बसण्याची शक्यता वेगळ्या रकान्यात ठेवून गुणा. बंधाऱ्यामागच्या संथ डोहात चिलापीसाठी ती मोठी, खडकाळ वाहत्या ओढ्यात छोटी. सगळे तुकडे एकमेकांशी जोडून बघायचे असतील तर प्रत्येक वर्षी प्रत्येक तुकड्यासाठी रँड() हे यादृच्छिक आकडा देणारं सूत्र वापरून चिठ्ठी काढा आणि हा खेळ हजार वेळा चालवा. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये हे जमतं, पण कंटाळा येतो. पायथॉन येणारा विद्यार्थी ते एका दुपारी लिहून देईल.

मागे जाऊन ताडून बघा

तक्ता २०१८ सालात न्या. तेव्हा जे मासे जिथे माहीत होते तेवढेच भरा, २०१९ आणि २०२१ हे दोन महापूर घाला आणि ‘आज’चा अंदाज काढा. मामांनी सांगितलेल्या जागा त्यात वरच्या दहा तुकड्यांत आल्या का? निम्म्याही आल्या नाहीत तर आकड्यांशी खेळत बसू नका, एखादी वाट नजरेतून सुटली आहे. बहुतेकदा ती मत्स्यबीजाची निघते.

मॉडेलचा एयूसी (‘आहे’ आणि ‘नाही’ जागा किती नीट वेगळ्या केल्या याचा गुण, कमाल १) ०.९ आला म्हणून खूश होणारे अहवाल मी वाचलेत. सगळ्या सखल भागाला ‘होय’ आणि सगळ्या घाटमाथ्याला ‘नाही’ म्हटलं तरी तो आकडा येतो.

ऑक्टोबरात पाण्यावर

अंदाजातले वरचे पाच तुकडे निवडा आणि बर्गे बसून पाणी थांबल्यावर पंधरा दिवसांत तिथे पोहोचा. पुरानं आणलेला मासा तेव्हा नुकताच आलेला असतो, संख्या थोडी असते आणि पैदास सुरू व्हायची असते. मार्चमध्ये तोच तुकडा हाताबाहेर गेलेला असेल. त्याच वेळी क्रमवारीच्या तळातलेही दोन तुकडे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तिथेही तेवढ्याच वेळा जाळं टाका. फक्त धोक्याच्या जागीच शोधलं तर मासा तिथेच सापडणार आणि अंदाज आपोआप बरोबर ठरणार.

परका मासा सापडला तर परत पाण्यात सोडू नका, जिवंत नेऊही नका. फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश, लांबी, वजन, पोटात अंडी किंवा तोंडात पिल्लं आहेत का, एवढं लिहा. एक नमुना अल्कोहोलमध्ये ठेवा. माहिती मत्स्यव्यवसाय विभागाला द्या आणि गावच्या जैवविविधता समितीला लोकजैवविविधता नोंदवहीत भरायला सांगा. २००२च्या कायद्यानुसार ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. कागदावर ती असतेच, नोंदवही कपाटातून काढायला ग्रामसेवकाच्या मागे लागावं लागेल. त्यानंतर तक्त्यातल्या त्या तुकड्यापुढे ०.८६ खोडून १ लिहा आणि त्याच्या वरच्या तुकड्याचं गणित नव्यानं करा.